कपाटातली कानउघाडणी

माझी मावशी लोकांना रागावून पोट भरते. थट्टा नाही. लोक दर महिन्याला वर्गणी भरतात आणि ती रोज सकाळी एकेकाला फोनवर बोलणी रेकॉर्ड करून पाठवते. अर्ध्या मिनिटाची, खणखणीत, ज्याची त्याला. ‘रोजची कानउघाडणी’ असंच धंद्याचं नाव आहे.

सुरुवात दातांच्या डॉक्टरकडे झाली. मावशी तिथे पुढच्या टेबलावर बसायची, पेशंटना वेळेची आठवण करून द्यायची. तिच्या आधीची बाई नाकातून म्हणायची, “आपली उद्या साडेदहाची वेळ आहे, कृपया यावे.” कुणी येत नसे. मावशी म्हणायची, “दाढ तुमची, ठणकणार तुम्हाला, आणि मागे मी लागायचं? उद्या साडेदहा. पावणेअकराला आलात तर बाहेरच बसा दाढ धरून.” लोक दहालाच हजर. त्यातला एक शिंपी दात बरे होऊन सहा महिने झाले तरी फोन करायचा. “दातांचं काही नाही हो मावशी. पण तुम्ही झापलंत की दिवसभर मशीन पळतं. रोज सकाळी जरा बोलाल का? फुकट नको.”

शिंप्यामागे त्याची मेहुणी आली, मेहुणीमागे तिच्या ऑफिसातले चौघे. बारा जण झाल्यावर मावशीने दवाखाना सोडला. काका म्हणाले, “मी अठरा वर्षं फुकट ऐकतोय, मला काही सवलत?”

“तुम्हाला आजन्म सभासदत्व दिलंय,” मावशी म्हणाली. “तक्रार असेल तर लेखी द्या.”

आम्ही समोरच्याच दारात राहतो, त्यामुळे सगळं माझ्या कानावरून गेलंय. झोपायच्या खोलीत भिंतीतलं कपाट आहे. मावशीने त्याची खालची फळी काढली, आत बुटकं स्टूल ठेवलं. चहूबाजूंनी कोट आणि ब्लँकेटं, त्यामुळे आवाज स्वच्छ येतो, रस्त्यावरचा हॉर्न शिरत नाही. ती आत बसून दार ओढून घ्यायची. बाहेरून ऐकलं तर वाटायचं, कोटच एकमेकांशी भांडतायत.

“काय रे, आज पण नाही ना झालं? नाही, मी विचारतेय. दातखीळ बसली का? त्या माणसाने लग्नाला घालायला शर्ट टाकला होता. आता त्याचं पोरगं शाळेत जायला लागेल, मग त्याच कापडातून त्याला कापून दे! सुई घे हातात. फोन ठेव आधी, मेल्या!”

ही शिंप्याची. ही नक्कल मी कधीही, कुठेही करून दाखवते.

वर्गणीदारांनी आदल्या संध्याकाळी आपली चूक एका ओळीत कळवायची, सकाळी मावशीने तिचा समाचार घ्यायचा. निवृत्त कॅशियर डॉक्टरने बंद केलेली बिस्किटं चोरून खायचे. गाण्याच्या बाईंना सख्ख्या बहिणीला फोन करायला मुहूर्त मिळत नव्हता. एकाला दिलेलं बोलणं दुसऱ्याला द्यायचं नाही हा मावशीचा बाणा. “शिळं मी कुणाला वाढत नाही,” म्हणायची, मान ताठ करून.

बाराचे चाळीस झाले, तोवर ती कपाटातून बाहेर यायची ती हसत. तीनशे दहा झाले आणि तिने आत पाण्याची बाटली नेली, मग उशी, मग कंगवा.

आता तिची खरी खोड सांगते. दमलं की माणूस काम कमी करतं. मावशी वाढवायची. एकदा ताप आला, एक दिवस काही गेलं नाही. तिला इतकं अपराधी वाटलं, की दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं, “आता दर रविवारी आठवड्याची झडती, पूर्ण एक मिनिटाची!” बहिणीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, ऑपरेशनला दोन दिवस थांबली, तर त्याची भरपाई म्हणून वाढदिवसाची खास खरडपट्टी सुरू केली. तीनशे दहा माणसं म्हणजे जवळजवळ रोज कुणी ना कुणी जन्मलेलं असतंच. सुट्टी घेतली की सुट्टीचं पिल्लू घरी यायचं आणि कायमचं राहायचं.

आणि घरात ती गप्प झाली. काकांनी ओला टॉवेल गादीवर टाकला की पूर्वी चार मजले ऐकायचे. आता ती टॉवेल उचलून दोरीवर टाकायची आणि कपाटात जायची. काकांनी दोनदा मुद्दाम टाकून पाहिला. तिसऱ्या वेळी माझ्या आईला म्हणाले, “ताई, ती मला काही बोलतच नाही.” म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की मी त्यांची नक्कल केली नाही.

मग मावशीचा आवाज फाटायला लागला. वरची पट्टी लावायला गेली की आत दार करकरल्यासारखं व्हायचं. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. “स्वरतंतूंवर गाठी धरल्यात. एकवीस दिवस एक शब्दही नाही. कुजबूजसुद्धा नाही. नाहीतर हा आवाज गेला असं समजा.”

“एकवीस?” मावशीने बोटांनी विचारलं.

“बावीस करू?” डॉक्टर म्हणाले. मला आवडले.

पण वर्गणीदारांना कळवायला तर हवं. ती आत गेली, आम्ही बाहेर उभे. “मंडळी, मी जरा काही दिवस...” इथवर ठीक. मग थांबली. “पण काळजी नको, परत आल्यावर सगळ्यांना डबल...” काकांनी दार उघडलं. तिने खाली बघून पुसून टाकलं. पुन्हा आत. या वेळी ती रोज एक लेखी बोलणं द्यायचं कबूल करून बसली. पुन्हा दार.

मी म्हटलं, “मावशी, मी करते ना तुझा आवाज. कुणाला कळणार पण नाही.”

तिने नवी कोरी वही उघडून पहिलं वाक्य लिहिलं. “म्हणूनच नको.”

मग ती तिसऱ्यांदा आत गेली. नऊ सेकंदांचं झालं. “मी थकलेय. एकवीस दिवस बोलणार नाही. या महिन्याची वर्गणी देऊ नका.” ना ‘मेल्या’, ना ‘मी विचारतेय’. अगदी साधा, सपाट आवाज. तो मला आजही काढता येत नाही.

पाठवलं, आणि आम्ही सगळे हुश्श करून बसलो.

तासाभरात फोन टणाटणा वाजायला लागला. पहिला शिंपी. “मावशी, माझंच चुकलं. सगळे शर्ट आजच देतो. पण अबोला धरू नका.” मग कॅशियर, दम खात खात, “आमची आई अशीच गप्प व्हायची. तीन दिवस. चौथ्या दिवशी मी सुतासारखा सरळ. काय नेमकं पकडलंत हो!” गाण्याच्या बाईंनी बहिणीला फोन केला होता, दोघी रडल्या होत्या, ते रडणंही रेकॉर्ड करून पाठवलं होतं. कुणीतरी लिहिलं, आजवरची सगळ्यात कडक कानउघाडणी. संध्याकाळपर्यंत सत्तेचाळीस नवे वर्गणीदार. त्यातल्या एकाने विचारलं होतं, “मला बोलणी नकोत, डायरेक्ट अबोल्याचीच वर्गणी भरता येईल का?”

मी हसून हसून जमिनीवर पडले. मग मावशीची वही दिसली.

“थकलेय म्हटलं ते कुणाला ऐकूच आलं नाही.”

पुढचे दिवस बघवत नव्हते. माणसं माफ्या मागत होती आणि मावशीला कुणाची माफी बिनउत्तराची ठेवता येत नाही. ती अंगठ्याने एकेकाला ‘ठीक आहे’ लिहीत बसली. साडेतीनशेच्या वर माणसं. लिहिलं की त्यांची दुसरी माफी यायची, ‘नक्की ना?’ काकांनी फोन मागितला तर वहीत लिहून दाखवलं, “डॉक्टरांनी अंगठ्याचं नाव घेतलं नव्हतं.” अकराव्या दिवशी तिच्या मनगटाला पट्टी होती. काकांनी शेवटी फोन काढून घेतला आणि लपवला कुठे, तर कपाटातल्या कोटाच्या खिशात. म्हणे, तिथे आवाज दबतो.

त्याच दिवशी दुपारी दार वाजलं. शिंपी. हातात कागदाचं पुडकं, केस पाण्याने चापून बसवलेले.

“काकांसाठी शर्ट शिवलाय. माप अंदाजाने घेतलंय. मावशी, एक शब्द. एकच. शिवी दिलीत तरी चालेल.”

मावशीने वही उघडून धरली. “मी रागावले नाही. मी थकलेय.”

त्याने वाचलं आणि टाळी वाजवली. “बघा! लिहूनसुद्धा कसं टोचतात!”

मावशीने तेच वाक्य बोटाने पुन्हा दाखवलं. तो हसतच होता. तिने अक्षरांवरून पेन दोनदा गिरवलं, कागद फाटला. मग तिने तोंड उघडलं. काका “नको!” म्हणून ओरडले, पण तेवढ्यात झालंच. आवाज असा आलाच नाही. फाटक्या पंपातून हवा यावी तसं काहीतरी आलं, “थक...” आणि पुढे खरखर.

शिंप्याचं हसू तोंडावरच राहिलं. मग उतरलं.

“हे रोजच्या बोलण्याने झालं?”

तिने मान डोलावली.

तो पुडक्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. “माझा खांदा गेला होता तेव्हा मशीन दोन महिने झाकून ठेवलं होतं. काही गिऱ्हाइकं गेली. काही आली परत.” खाली बघत, एकदम लहान आवाजात म्हणाला, “पण मावशी, उद्या सकाळी मला कोण बोलणार?”

त्यात खोटं काहीच नव्हतं. तेच वाईट होतं. मावशीने पुडकं घेतलं, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि दार लावलं.

आम्ही आतल्या खोलीत आलो, तोच कपाटात घरघर सुरू झाली. कोटाच्या खिशात. थांबली, पुन्हा सुरू. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे. मावशीला कुठून येतंय ते कळायला अर्धा क्षण लागला. ती कपाटापाशी गेली, दाराच्या मुठीवर हात ठेवला. एवढं मला दिसत होतं, की बोटं आवळली जातायत.

मग ती वळली, दाराला पाठ लावून जमिनीवर बसली आणि मांडीवर वही घेतली. पाठीमागे दाराची फळी थरथरत होती.

“वाजू दे,” तिने लिहिलं.

काकांनी खांद्यावरचा ओला टॉवेल काढून गादीवर ठेवला. तिने पेनाचं टोक टॉवेलाकडे, मग दोरीकडे केलं. ते पळतच गेले.

अजून दहा दिवस होते. फळी थरथरायची थांबत नव्हती, आणि मावशी उठत नव्हती.