मामाची दुनळी बंदूक

मी जबलपूर सोडलं तेव्हा मला पोचवायला स्टेशनवर फक्त बाबा आले होते. आई त्या सकाळी कोर्टात गेली होती, तिच्या भावाच्या जामिनासाठी. त्याच भावाने, म्हणजे माझ्या शरदमामाने, दीड वर्षापूर्वी माझ्या धाकट्या भावाला, मिलिंदला, गोळी घातली होती.

बाबा माझ्या बॅगेचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघत होते. मी म्हणाले, "बाबा, आईला सांभाळा."

"ती मला विचारून काही करून राहिली का?" ते म्हणाले. "तू जा. मन लावून काम कर."

गाडी हलली तेव्हा त्यांनी हातसुद्धा वर केला नाही.

जबलपुरातल्या आपल्या रांझी मोहल्ल्यातल्या तुम्हा जुन्या लोकांना हे माहीत आहे. पण तुमच्यातले कितीतरी जण आता नागपूरला, पुण्याला, कोणी कॅनडात गेलात, आणि तुमच्या मुलांसाठी मिलिंद म्हणजे भिंतीवरचा हार घातलेला फोटो. फोनवर तुम्ही मला हमखास विचारता, "प्रज्ञा, तिकडे अमेरिकेत सगळ्यांजवळ बंदूक असते म्हणे, तुला भेव नाही वाटत?" भेव मी जबलपूरहूनच सोबत नेलं होतं. कसं, ते एकदा नीट लिहून टाकते.

बाबा बंदुकांच्या कारखान्यात नळ्या तपासायचे. तीस वर्षं तेच काम. घरात मात्र विळी सोडली तर दुसरं हत्यार नव्हतं. मिलिंदने लहानपणी विचारलं होतं, "बाबा, तुम्ही रोज बंदुका बनवता, मग आपल्या घरी एक काहून नाही?" बाबा म्हणाले, "ती काय करते ते मी रोज पाहतो म्हणून."

शरदमामाचं उलटं होतं. तो एका बँकेच्या दारावर गार्ड होता आणि लायसन्सची दुनळी बंदूक त्याची स्वतःची होती. तिच्यावरच त्याची नोकरी, तिच्यावरच मोहल्ल्यातला मान. लोक त्याला "बंदूकवाले भैया" म्हणायचे. कोणाच्याही घरी लग्न असलं की त्याला निरोप यायचा, बंदूक घेऊन या. आम्हा भावंडांवर त्याचा फार जीव. मिलिंदचं नावसुद्धा त्यानेच ठेवलेलं.

त्याच्या मुलाच्या, नितीनच्या लग्नाची वरात भर दुपारी निघाली होती. पुढे डीजेची गाडी, मागे आम्ही बौद्ध लग्नातल्या पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका. मामाने हवेत दोन बार काढले. पोरं ओरडली, "और एक, भैया!" मामाने पुन्हा काडतुसं भरली. तेव्हा मिलिंद नाचता नाचता थांबून त्याच्याकडे गेला. बावीस वर्षांचा होता. "मामा, बस झालं आता. लहान पोरं आहेत मधात," तो म्हणाला. मामा हसला. "तू काहून घाबरून राहिला रे?"

बार झाला तेव्हा मी दहा पावलांवर होते. मिलिंद मागे फेकला गेला. इतक्या जवळून छर्रे पसरत नाहीत, एकाच जागी घुसतात. त्याच्या गळ्याखाली माझी मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं. मी तेव्हा नर्सिंग शिकून दोन वर्षं झालेली नर्स होते. काय करायचं ते मला येत होतं. मी पदर कोंबला, दोन्ही हातांनी दाबलं, आणि रक्त माझ्या बोटांमधून येतच राहिलं. मागच्या लोकांना काही कळलं नव्हतं, ते नाचत होते. डीजे वाजत होता. आणि मामा उभ्या जागी एकच बोलत होता, "चल गई रे. अपने आप चल गई."

मिलिंद ऑटोतच गेला, माझ्या मांडीवर.

त्यानंतर नातेवाईक यायला लागले. समझोता करा, घरातलीच गोष्ट आहे, अपघात आहे. तिसऱ्या दिवशी आई बाबांना म्हणाली, "एक गेला. दुसऱ्याला पण मीच घालवू का?" बाबा म्हणाले, "गोळी चालली नाही. त्यानं चालवली." त्या दिवसापासून एकाच घरात दोघं वेगवेगळे जेवायला लागले. मी अमेरिकेच्या नर्सिंगची परीक्षा दिली ती पळून जायला दिली, करिअर वगैरे काही मनात नव्हतं.

खटला उभा राहिला तेव्हा मी ह्यूस्टनला होते. मामाच्या वकिलाने बाबांना विचारलं, "ग़लती से चल गई होगी न?" बाबांनी सांगितलं, "साहब, तीस साल से यही देख रहा हूँ. घोड़ा दबाए बिना नहीं चलती." मामाला शिक्षा झाली. पुढच्या वर्षी बाबा गेले, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या. मला सुट्टी मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं.

ह्यूस्टनला मी इमर्जन्सीत काम करते. गोळ्या लागलेली माणसं आमच्याकडे इतकी येतात की शिफ्ट संपताना त्यांची नावं आठवत नाहीत. पार्किंगच्या भांडणात पोटात गोळी. बायकोने सोडलं म्हणून स्वतःच्या तोंडात गोळी. माझ्यासोबतची डेनिस, माझी सगळ्यात जवळची मैत्रीण, तिच्या गाडीत पिस्तूल असतं. पेटीत कुलूपबंद, किल्ली गळ्यात. ती म्हणते, मी एकटी बाई, मला हक्क आहे आणि मला जबाबदारी कळते. तिला खरंच कळते. तरी तिच्या गाडीत बसायच्या आधी मी ती किल्ली तिच्या गळ्यात आहे ना, ते पाहते.

एका रविवारी दुपारी चार वर्षांची मुलगी आली. बाप जेवणाच्या टेबलावर पिस्तूल साफ करत होता, ती समोर चित्र रंगवत बसली होती. डेनिस आणि मी दोघी होतो. पस्तीस मिनिटं आम्ही तिला सोडलं नाही. मग डॉक्टरांनी घड्याळ पाहून मृत्यूची वेळ सांगितली. मी तिला पुसलं. नखांना जांभळं नेलपॉलिश होतं, अर्धं निघालेलं.

बाहेर बाप भिंतीला टेकून बसला होता, शर्टभर तिचं रक्त. मला पाहिल्यावर म्हणाला, "इट जस्ट वेंट ऑफ." तेच वाक्य. मी त्याच्याजवळ खाली बसले आणि त्याचा हात धरला. तो जनावरासारखा ओरडत होता आणि मी हात सोडला नाही. नंतर कळलं, त्याच्यावर गुन्हा दाखल झाला नाही. अपघात म्हणून कागद बंद झाले. त्याला कोणी काही विचारलंच नाही.

घरी जाताना मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. परक्या माणसाचा हात मी धरला होता. मामाला मी एक पत्रसुद्धा लिहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी आईचा फोन आला. "शरद सुटला. नितीन त्याला दारात उभं करत नाही. मी घरी आणू का?" मी म्हणाले, मी येते.

मी पोचले तेव्हा मामा बाहेर ओट्यावर बसला होता, म्हातारा, दात पडलेले. आईने त्याला आत घेतलं नव्हतं. "प्रज्ञा म्हणेल तसं," एवढंच ती बोलत होती.

मी म्हणाले, "आत या. पण त्या दिवशीचं पहिल्यापासून सांगा."

तो आत येऊन भिंतीशी बसला. मग बोलला. "त्यानं लोकांसमोर मला थांब म्हटलं, त्याचा राग आला. मी नळी त्याच्याकडे केली. मजाक म्हणून, घाबरवायले. बोट घोड्यावर होतं, प्रज्ञा. मला माहीत होतं."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ज्या भावासाठी तिने कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्याने तिला हे कधी सांगितलं नव्हतं. ती तिथेच खाली बसली. मी तिला उचलायला गेले तर तिने माझा हात झटकला, स्वतः उठली, मामासमोर गेली आणि त्याच्या थोबाडीत मारली. एकदा, दोनदा, किती वेळा ते मी मोजलं नाही. त्याच्या ओठातून रक्त आलं. त्याने तोंड वळवलं नाही.

मग ती आत गेली आणि तिने तीन ताटं वाढली. कोणीच जेवलं नाही. पण कोणी उठून गेलंही नाही.

मी बारा दिवस राहिले आणि परत आले. ह्यूस्टनमध्ये माझ्या नावाचा फ्लॅट आहे, शांत, उजेडाचा. तिथे मला कोणाचा राग येत नाही आणि कोणासाठी पोटात तुटत नाही. त्याला मी घर म्हणत नाही. माझं घर रांझीत आहे. तिथे माझ्या भावाला मारणारा माणूस मागच्या खोलीत राहतो, मी त्याच्याशी फोनवर बोलत नाही, आणि दर रविवारी फोन ठेवायच्या आधी आईला विचारते, "तो जेवला का?"