अंगठ्याचं नख

पाचूला जयपुरात पन्ना म्हणतात. कोल्हापूरची आसावरी तिथल्या सीतापुऱ्यातल्या एका रत्नांच्या निर्यात कंपनीत लागली, तेव्हापासून तीही पन्नाच म्हणू लागली. खडे पारखून वेगळे करणं हे तिचं काम. गिऱ्हाईक आलं, की मिटल्या बोटांच्या फटीत खडा ठेवायचा आणि खिडकीच्या उजेडात हात जरासा कलता करायचा. उघड्या कातडीवरच पन्न्याचा रंग कळतो, असा तिथला रिवाज. या कामात आसावरीच्या हाताला मान होता.

मग तिच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे पडले. कडा पिवळ्या होऊन सुटू लागल्या. बुरशी असेल म्हणून तिने औषधांच्या दुकानातून विचारून आणलेलं मलम लावलं, वरून गडद नेलपॉलिश. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा नखांचा सोरायसिस. दुसऱ्याला लागत नाही, पण बरा व्हायची घाईही करत नाही. त्यांनी वेगळं मलम दिलं. ते नुसतं नखावर फासायचं नाही, नख जिथून उगवतं त्या मुळाशी चोळायचं. नखं आखूड ठेवायची, खालून कोरायची नाहीत, नखाचं हत्यार करून काही टोकरायचं, ढकलायचं नाही.

आसावरीने हातमोजे चढवले आणि खडे दाखवायचं काम आपणहून सोबतच्या राघवकडे दिलं. "होळीआधी मोठी गिऱ्हाइकं येतात ना, तोवर मी परत खडे दाखवायच्या खुर्चीवर," असं म्हणाली खरी.

आदर्श नगरात ती चारुलताकाकूंकडे वरच्या खोलीत राहायची. काकू मूळच्या नागपूरच्या, बँकेतल्या नवऱ्याच्या बदलीबरोबर आल्या आणि इथल्याच झाल्या. जेवणं आटोपली की जिन्याखालून हाक यायची, "मलम?"

"लावते, काकू."

"लावते नको, लावलं म्हण!"

हिवाळा लागेपर्यंत बाकीची नखं मुळाकडून गुळगुळीत येऊ लागली. उजवा अंगठा मात्र ढिम्म. मलमच बदलून मागावं, असं तिच्या मनात घोळू लागलं.

एका रविवारी दोघी गच्चीवर उन्हात मटार घेऊन बसल्या. काकू सोलत होत्या, आसावरी परातीतले किडके दाणे बाजूला काढत होती.

"अगं, हे काय करतेस?"

"किडके काढतेय."

"ते दिसतंय मला. नखाने काय उडवतेस? टिचक्या मारल्यासारखं?"

आसावरीने अंगठ्याकडे पाहिलं. कंपनीत चिमटा होता. डॉक्टरांनी कामाचं विचारलं, तेव्हा तिने चिमटाच सांगितला होता. पण चिमट्याने ती फक्त पसंतीचा खडा उचलायची. बाकीचे अंगठ्याच्या नखाने सरकवायची, मोज्यातूनसुद्धा. हाताला इतकी सवय झालेली, की तिला स्वतःलाच पत्ता नव्हता.

"वा गं बाई! रात्री मलम आणि दिवसभर घण!"

"काकू, मी डॉक्टरांशी खोटं नाही हो बोलले."

"अर्धं बोललीस. दे ती परात इकडे."

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक खडा चिमट्याने. काम रेंगाळायचं. राघव हसायचा, "मॅडमजी, खडे निवडताय की मुहूर्त काढताय?"

"मुहूर्तच. तुमच्या खुर्चीवर बसण्याचा."

फाल्गुनात अंगठ्याच्या मुळाशी स्वच्छ गुलाबी नख दिसू लागलं. वरचा अर्धा भाग अजून जुनाच, खरबरीत. डॉक्टर म्हणाले, मलम चालू ठेवा, हे हळूहळूच पुढे सरकेल. गिऱ्हाइकं मात्र त्याच आठवड्यात आली.

आसावरी मोजे घालून मेजापाशी उभी राहिली. राघव उठला आणि त्याने खुर्ची मागे ओढून दिली. तिने मोजे काढले, बसली आणि बोटांच्या फटीत खडा ठेवला. समोरचा व्यापारी वाकला. बराच वेळ वाकलेलाच. नखच बघतोय, असं तिला वाटलं.

त्याने बोट रोखून काही विचारलं. तिने शांतपणे उत्तर दिलं, हात जरा उजेडाकडे वळवला. खडा विकला गेला.

संध्याकाळी काकू फाटकातच उभ्या होत्या. "विचारलं का गं कुणी काही?"

"हो ना. म्हणाला, ही बारीक रेघ कसली?"

"मग?"

"म्हटलं, पन्न्यात असतेच."

काकूंना आधी उमगलं नाही. व्यापाऱ्याने नख नव्हे, खडाच पाहिला होता, हे उमगलं तशा त्या इतक्या हसल्या, की शेजारच्यांनी खिडकी उघडली.

जेवणं झाल्यावर आसावरीने अंगठ्याच्या मुळाशी मलमाचा थेंब घेतला आणि सावकाश चोळत राहिली. जिन्याखालून हाक आली. आज ती आधीच ओरडली, "लावलं!"