दिवेलागणीची झोळीवाली बाई

संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की ती घटना आजही आठवते आणि एकट्यालाच हसू येते. घरचे विचारतात, काय झाले? मी म्हणतो, काही नाही, एक जुना गुन्हा आठवला.

सत्तरच्या दशकातला तो उन्हाळा होता. मी नागपुरात महाल भागात ठाणेदार होतो. उन्हाळा म्हणजे आमच्यासाठी घरफोडीचा हंगाम. निम्मे लोक गच्चीवर झोपलेले, उरलेले गावाला गेलेले. त्या महिन्यात दोन बंद घरे फुटली होती आणि वरिष्ठांचा फोन रोज वाजे.

त्यातच सौभाग्यवतींचा चिखलदऱ्याचा लकडा सुरू होता. शेजारणीने तिला सांगितले होते, की सीताबर्डीवर एक प्रवास सल्लागार आहे, तो दोन दिवसांच्या सहलीची सगळी व्यवस्था लावून देतो. मी हसण्यावारी नेले. एस.टी. स्टँडवर जाऊन खिडकीत तोंड घातले की चिखलदऱ्याचा रस्ता कळतो. त्यासाठी सल्लागार म्हणजे घोटभर पाण्यासाठी आचारी बोलावण्यासारखे झाले. "पैसे जास्त झालेत का?" असे मी म्हणालो आणि विषय मिटवला. तो माझ्यापुरताच मिटला होता.

एके सकाळी आमचा खबरी ठाण्यात आला. एका गल्लीच्या तोंडावर त्याचा पानठेला होता. गल्लीतले एक कारकून बाबू बायकोला घेऊन चिखलदऱ्याला गेले होते. घराला कुलूप होते. आदल्या संध्याकाळी एक बाई झोळी घेऊन आली, आत गेली आणि थोड्या वेळाने निघून गेली.

"कुलूप तोडलं नाई साहेब," तो म्हणाला, "किल्लीनं खोलून राहिली होती."

बाबूंची सहल कोणी ठरवली, असे मी विचारले. तर तोच सीताबर्डीचा सल्लागार. माझे कान टवकारले. घर कधी बंद राहणार हे ज्याला आधी कळते, तोच चोराच्या कामाचा माणूस. मी हवालदाराला पाठवून त्याला बोलावून घेतले.

चाळिशीचा, कुहीकडच्या शेतकरी घरातला माणूस. भाऊ धान करत आणि हा शहरात लोकांना फिरायला पाठवी. जिन्याखाली एक टेबल आणि दोन खुर्च्या, एवढेच त्याचे दुकान. सहलीचे विचारले की घडाघडा बोले. परतवाड्याला गाडी कुठे बदलायची, घाटात पोटात ढवळणाऱ्याने कोणत्या बाजूला बसायचे, सगळे तोंडपाठ. पण बाबूंच्या घरात शिरलेली बाई कोण, असे विचारताच त्याने मान खाली घातली.

"चोरी नाई साहेब. पण मले सांगता येत नाई."

मी आवाज चढवून पाहिला, चहा पाजून पाहिला. परिणाम शून्य. माझ्या अनुभवात चोर भराभर खोटे बोलतो. गप्प बसणारा माणूस बहुधा दुसऱ्याला पाठीशी घालत असतो, पण ते दुसरे माणूसही चोर असू शकते. शेवटी मी हवालदाराला सांगितले, चिखलदऱ्याला बिनतारी संदेश धाडा, बाबूंना पहिल्या गाडीने परत पाठवा, घर उघडून पंचनामा करू.

तेव्हा मात्र तो माणूस खुर्चीवरून उठला आणि त्याने हात जोडले.

"साहेब, मले पाह्यजे तर कोठडीत टाका. पण निरोप नका धाडू. बाबूच्या घरची थे बाई लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कुठं फिराले गेली. उद्या येतेच. आजचा दिवस तिले राहू द्या."

ठाण्यात माणसे स्वतःसाठी हात जोडतात. हा गिऱ्हाइकाच्या सहलीसाठी जोडत होता. इकडे त्याच्या धंद्याची माती होण्याची वेळ आली होती. सल्लागाराला पोलिसांनी नेले, ही बातमी सीताबर्डीवर फिरली असती तर पुन्हा कोण त्याच्या टेबलाशी आले असते? मी संदेश थांबवला. संध्याकाळपर्यंत, असे बजावून.

दिवेलागणीला मी साध्या वेशात पानठेल्यावर उभा राहिलो. बाई आली. झोळी तीच, किल्लीही हातात. तिने कुलूप काढले. मी आणि हवालदार मागोमाग अंगणात शिरलो. बाईने आधी रांजणातले पाणी घेऊन पाय धुतले. मग आत जाऊन देवापुढे बसली. झोळीतून निघाली तेलाची बाटली आणि वाती.

आमची चाहूल लागून तिने वळून पाहिले आणि ती ओळखून चुकली. ती त्या सल्लागाराचीच बायको; नवरा सकाळपासून ठाण्यात बसलेला, हे तिला ठाऊक होते.

"दिवा लावू द्या साहेब," ती म्हणाली. "मंग कुठं न्याचं तं न्या."

आम्ही दोघेही चपला काढून उभे राहिलो. नोकरीत पुष्कळ चोर पाहिले, पण घरात शिरण्याआधी पाय धुणारा एकही पाहिला नव्हता.

तुळशीला पाणी घालून झाल्यावर तिने सगळे सांगितले. बाबूंच्या घरात दुसरे बाईमाणूस नव्हते. घर अंधारात ठेवायचे नाही, असे त्यांच्या पत्नीला सासूने मरताना सांगितलेले, म्हणून ती माउली इतकी वर्षे कुठे गेलीच नव्हती. बाबूंचा हट्ट असा, की घराची किल्ली परक्याच्या हाती जाणार नाही. ती किल्ली ते जानव्याला बांधत. तेव्हा बाबूंच्या पत्नीने दुसरी किल्ली गुपचूप सल्लागाराच्या बायकोला दिली आणि बाबूंना कळू देणार नाही, असे त्या नवरा-बायकोकडून वचन घेतले. ते वचन पाळत बिचारा दिवसभर माझ्यासमोर बसला होता.

परतताना मी पानवाल्याला विचारले, तुझे त्याच घरावर इतके लक्ष काहून? तो डोके खाजवू लागला. बाबूंनीच जाताना त्याला सांगून ठेवले होते, घरावर नजर ठेव, पण आमच्या हिला बोलू नकोस. ती म्हणेल, जीव घरातच ठेवायचा होता तर मला आणले कशाला?

म्हणजे नवरा-बायकोने एकमेकांना चोरून घराची सोय लावली होती आणि त्या दोन सोयींची टक्कर माझ्या ठाण्यात झाली. मी हसत सुटलो. सल्लागाराला जीपने त्याच्या घरी सोडले, दुकानासमोर नाही. घरफोड्या करणारा पुढे दुसऱ्याच वस्तीत सापडला.

खात्री करून घेणे भाग होते. बाबू परतल्यावर, ते कचेरीत असताना, मी सौभाग्यवतींना त्यांच्या घरी पाठवले. किल्लीची गोष्ट चार वाक्यांत खरी ठरली. पण चिखलदऱ्याची गोष्ट दुपार उलटली तरी संपेना. भर उन्हाळ्यात रात्री पांघरूण लागते म्हणे, आणि बाबूंनी भर रस्त्यात बायकोला करवंदांचा द्रोण आणून दिला म्हणे. सौभाग्यवती परत आल्या त्या सामान बांधायच्या तयारीनेच. मी मुकाट्याने रजेचा अर्ज लिहिला.

झोळी खांद्याला लावून निघणाऱ्या एकट्या माणसाला दोन दिवसांसाठी सल्लागार लागत नाही, हे माझे मत आजही कायम आहे. पण आपल्याकडे माणूस गाडी मिळत नाही म्हणून घरी राहत नाही. दिवा, तुळस, दूधवाला, सासूचा शब्द, हे सगळे त्याचा पदर धरून बसलेले असते. तो पदर जो हळूच सोडवून देतो, तो खरा सल्लागार. रस्ता काय, खिडकीतही कळतो.

चिखलदऱ्याला पहिल्या संध्याकाळी आम्ही दरीच्या काठी बसलो होतो. सूर्य मावळला तशी सौभाग्यवतींनी बसल्या जागी हात जोडले. "आता घरचा दिवा लागला असेल," ती म्हणाली आणि मोकळेपणाने हसली. इतकी मोकळी मी तिला लग्नानंतर प्रथमच पाहिली.

मीही हसलो. निघण्यापूर्वी मी हवालदाराला घरावर नजर ठेवायला सांगितले होते, हे मी तिला आजतागायत सांगितलेले नाही. एवढेच बजावले होते, की झोळीवाली बाई आली तर तिला अडवू नकोस.