वरचे आठ दात

बैलाला वरच्या जबड्यात समोरचे दात नसतात. पशुवैद्यकीच्या पहिल्या वर्षी हे मला शिकवलं होतं, आणि आमच्याकडे कुणालाही ते न शिकवताच ठाऊक असतं. तरीही मी कोर्टात शपथेवर सांगितलं, की एका बैलाचे वरचे आठही दात मी तपासले आणि ते शाबूत होते.

निवृत्तीनंतर मी अंबाजोगाईत राहायला आलो आणि जनावरांच्या भांडणांत तज्ज्ञ साक्षीदार म्हणून मिरवू लागलो. धर्मापुरीकडच्या एका गुराख्याचा बैल हरवला आणि एका बागायतदाराच्या गोठ्यात सापडला. बागायतदार म्हणाला, बैल पाच वर्षांचा, माझ्याच गोठ्यात जन्मलेला. गुराखी म्हणाला, तीन वर्षांचा, माझ्या गायीचा. सगळं दातांवर येऊन ठेपलं. मी खालचा ओठ ओढून पाहिलं, तर चार पक्के दात. म्हणजे चौसा, तीन वर्षांचा. गुराखी खरा होता.

एवढं चार ओळींत लिहिलं असतं तर भागलं असतं. पण माझे चार ओळींचे अहवाल वकील दोन बोटांत धरायचे, ते मला फार झोंबायचं. म्हणून मोबाइलवरच्या एआयला म्हटलं, जरा भारदस्त लिही. त्याने तीन पानं लिहिली. पहिल्याच ओळीत समोरच्या दातांना 'कृंतक दंत' म्हटलेलं वाचून माझा स्वतःविषयीचा आदर एकदम वाढला. पुढचं वाचलं नाही. सही मात्र झोकात केली.

उलटतपासणीत बागायतदाराच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, "डॉक्टरसाहेब, वरचे आठ दात तुम्ही स्वतः तपासले?"

अहवालात आहे म्हणजे तपासलेच असणार, अशा तोऱ्यात मी म्हणालो, "अर्थात."

"बैलाला वर समोर दात असतात?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. फजिती दुसऱ्याची असती तर मीही हसलो असतो. गुराखी मात्र हात जोडून उठला. "सायेब, डाक्टरनं खालचेच दात बगितले. म्या कासरा धरून उबा हुतो. चौसाच हाय त्यो."

न्यायाधीशांनी त्याला खाली बसवलं. अहवाल यंत्राने लिहिला आणि मी न वाचता सही केली, हे मी कबूल केलं. अहवाल बाद झाला, आणि त्याबरोबर माझी साक्षही. दुसऱ्या डॉक्टरकडून तपासणी होईपर्यंत बैल बागायतदाराकडेच ठेवायचं ठरलं.

मग तारखा पडत गेल्या. कधी वकील नाही, कधी डॉक्टर नाही. बैलाचे दात काही तारखेची वाट पाहत नव्हते. जवळजवळ दोन वर्षांनी त्या दुसऱ्या डॉक्टरने बैलाचं तोंड उघडलं तेव्हा आठही पक्के दात आलेले होते. बैल एकदा असा जुळला, की तो पाचाचा की साताचा हे दातांवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. डॉक्टरने तसंच लिहिलं, चार ओळींत. गुराख्याच्या हाती पुरावा उरला नाही. बैल बागायतदाराचा झाला.

परवा बाजारात गुराखी समोरून आला. मी तोंड चुकवून निघालो होतो, पण त्याने हाक मारली.

"डाक्टर, तुमी बगितला तवा चौसाच हुता न्हवं?"

"होता."

"मंग तेवडंच कावून न्हाई सांगितलं तितं?"

त्या वकिलांनी एकदा तरी माझा कागद दोन्ही हातांनी धरावा म्हणून, हे त्याला सांगायची मला लाज वाटली.