मेडिकलच्या शेजारचे बॅगवाले

बॅगवाल्यांच्या दुकानाला पाटी नव्हती. दुकान तरी केवढं? एक शिलाई मशीन, चामड्याच्या तुकड्यांनी भरलेलं खोकं, खिळ्यांना लटकलेले चेनचे लांबलचक पट्टे आणि या सगळ्याच्या मधोमध बसलेले खुद्द बॅगवाले. त्यांना उठायचं झालं, तर आधी गिऱ्हाइकाला बाहेर काढावं लागे. पण हात असा, की बॅग फाटेल, त्यांनी बसवलेली चेन हलायची नाही.

"एक पाटी लावा की," असं बायको लग्न झाल्यापासून सांगत होती.

"काम बोलतं," असं ते तेव्हापासूनच उत्तर देत होते.

तसं त्यांचं काही अडतही नव्हतं. शेजारी औषधांचं मोठं दुकान होतं. कुणी विचारलं, बॅग कुठून शिवून आणलीस, तर उत्तर ठरलेलं, "मेडिकलच्या शेजारून." एवढा पत्ता साऱ्या गावाला पुरत होता.

मग मेडिकलवाल्याने जागा बदलली. दोन गल्ल्या सोडून त्याला ऐसपैस गाळा मिळाला. तो निरोप घ्यायला आला तेव्हा बॅगवाल्यांनी तोंडदेखलं वाईट वाटून घेतलं. मनातून स्वारी खूश होती. खोकणाऱ्या-शिंकणाऱ्यांची गर्दी जाणार, दारातल्या स्कूटर जाणार, दुकानात उजेड येणार. उजेड आला. गिऱ्हाईक मात्र येईना.

आधी ते म्हणाले, परीक्षा चालू आहेत, प्रवास कोण करतंय? परीक्षा संपल्या. मग म्हणाले, हल्ली बॅगाच मजबूत येतात. शेवटी तर त्यांनी समोरच्या रस्त्यातल्या खड्ड्यावर खापर फोडलं.

एक दिवस बायको मानदुखीच्या गोळ्या आणायला नव्या मेडिकलमध्ये गेली आणि गोळ्या न घेताच तरातरा परत आली.

"अहो, मेडिकलच्या शेजारी बॅगवाला बसलाय."

"मीच तो."

"तुम्ही इथे बसलाय. मी तिथलं सांगतेय. कुणी नवीनच आहे. आणि आपल्या शाळेतल्या बाई तिथे रांगेत. मला म्हणाल्या, जागा बदललीत वाटतं, आता मुलाला बसवलंत का?"

"मग तू सांगितलं नाहीस?"

"मी तोंड उघडेपर्यंत त्यांची बॅग आत गेली होती."

बॅगवाल्यांचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी डोक्याला मफलर गुंडाळून, घरातली एक जुनी बॅग काखोटीला मारून ते स्वतः तिथे गेले. तरणाबांड, गोड बोलणारा गडी होता. बॅग उलटीपालटी करून म्हणाला, "उद्या न्या, काका."

"टिकेल ना?"

"काका, मेडिकलच्या शेजारचा म्हटलं की नाव आहे. वर्षानुवर्षांचं."

"तुम्ही इतकी वर्षं आहात इथे?"

"छे, मी परवाच आलोय. नाव जुनं आहे."

मफलरच्या आत बॅगवाल्यांना घाम फुटला. भांडावं म्हटलं तर भांडणार कशावरून? पोरगा खोटं बोलतच नव्हता.

ती बॅग घरी आणली आणि पहिल्याच झटक्याला तिची चेन हातात आली. बॅगवाले कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. असल्या कामाला कंटाळून लोक आपसूक परत येतील, असा त्यांचा हिशेब. पण परत आले ते फक्त पोस्टातले एक निवृत्त साहेब, आणि तेही बॅग घेऊन नाही, तर रस्त्यात गाठून जाब विचारायला.

"तुमचा हात गेला हो," ते म्हणाले. "ऐन फलाटावर चेन उसवली. माझे आतले कपडे परक्या माणसांनी वेचून दिले."

"ते काम माझं नव्हे, साहेब."

"मेडिकलच्या शेजारचंच होतं की."

हे मात्र बॅगवाल्यांच्या जिव्हारी लागलं. गिऱ्हाईक गेलं ते गेलं, वर दुसऱ्याच्या टाक्याची बदनामी आपल्या डोक्यावर. घरी येऊन ते पुटपुटले, "काम बोलतं."

"बोलतं ना," बायको म्हणाली. "पण कुणाचं ते सांगत नाही."

पेंटरला बोलावलं. त्याने विचारलं, "नाव काय लिहू?" बॅगवाले गडबडले. खरं नाव लिहावं, तर ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. वर नुसतं नाव वाचून आत वकील बसलाय असं वाटायचं. मग 'पूर्वी मेडिकलच्या शेजारी असलेले' असं ठरलं. पेंटरने 'मेडिकल' हातभर लिहिलं आणि बाकीचं उरलेल्या जागेत कोंबलं. लोक खोकल्याचं औषध मागायला येऊ लागले. शेवटी सगळं पुसून नुसतं 'बॅगवाले' ठेवलं.

"पाटी एका जागी टांगलेली," बायको म्हणाली. "बॅग तर गावोगाव हिंडते. तिच्यावर काय?"

तिने जुना हिरवा पडदा कात्रीने उभा चिरला आणि बोटभर पट्ट्या नवऱ्यापुढे टाकल्या. चेन संपते तिथे एकेक टाचायची, म्हणाली. "बॅगेला बिल्ला कसला लावायचा?" असं कुरकुरत त्यांनी पोस्टातल्या साहेबांची बॅग मागवून घेतली, पहिली पट्टी तिला लावली, चेनही फुकट नवी बसवून दिली. साहेबांना प्रवासाची हौस आणि बोलायची त्याहून. फलाटावरची आपली फजिती ते भेटेल त्याला रंगवून सांगत आणि शेवटी हिरवी पट्टी दाखवत. हळूहळू दुकानाकडे वळणारी माणसं 'हिरव्या पट्टीवाले कुठे?' असं विचारू लागली.

एका दुपारी एक गृहस्थ घाईघाईने आले. बॅग पुढे करून हळूच म्हणाले, "चेन बसवून झालीय. तेवढी हिरवी पट्टी लावून द्या."

"चेन कुणी बसवली?"

"तिकडे, मेडिकलच्या शेजारी. बायकोने तुमच्याकडेच पाठवलं होतं, पण मला ते जवळ पडलं. आता पट्टी दिसली नाही तर ती मला घरात घ्यायची नाही."

बॅगवाल्यांनी चष्मा सारखा केला, शिलाईवरून अंगठा फिरवला आणि ब्लेड घेऊन अख्खी चेन टरकन उसवली.

"अहो, हे काय करताय?"

"पट्टी लावतोय. बसा."

गृहस्थ चामड्याच्या खोक्यावर टेकले. जरा वेळाने त्यांचा फोन वाजला. त्यांनी रिकाम्या दुकानाकडे एकदा पाहिलं आणि फोनवर म्हणाले, "हो, त्यांच्याकडेच आहे. खूप रांग आहे गं."