कडुनिंबाच्या बुडाशी

भंडाऱ्याच्या दवाखान्यातल्या दूधपेढीत ती बाई बाटल्यांवर नावं चिकटवायची. माझी लेक काचेच्या पेटीत होती आणि तिला पुरून उरलेलं दूध मी दुसऱ्यांच्या लेकरांसाठी द्यायची. बाई रोज विचारायची, "जेवली काय वं?" मी थकून 'हो' म्हणायची. पंप लावताना मान खाली ठेवूनच ती सांगायची, "कालचं तुयं दूध एका लेकरानं पेलं, माय."

एका दुपारी ती मागच्या कडुनिंबाच्या बुडाशी बाटली रिती करताना दिसली. बाटलीवर माझं नाव होतं.

"तपासणीत नाही बसलं," ती म्हणाली. "पण नालीत टाकवत नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "जेवली काय वं?"

पहिल्यांदाच मी खरं सांगितलं, "नाही."

तिनं पंप बाजूला ठेवला आणि स्वतःचा डबा उघडला.