फोन नसल्याचा आकार

आमच्या दुकानात दोन गोष्टींचा ढीग कधी कमी झाला नाही. एक बिघडलेले रिमोट आणि दुसरे किस्से. रिमोट निदान भंगारवाला तरी न्यायचा. किस्से कोण नेणार? ते आम्हीच एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगत बसायचो. आणि खरं सांगतो, दरवेळी हसायच्या आधी राग यायचा. मला तर अजून येतो!

दुकान म्हणजे भोरच्या एसटी स्टँडजवळचं, सलीमभाईंचं. आधी तिथे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त व्हायचे. ते गिऱ्हाईक हळूहळू आटलं, तेव्हा भाईंनी होतं नव्हतं ते घालून डिशची एजन्सी घेतली. दोन हजार पाच-सहाची ही गोष्ट. मी त्यांच्याकडे फिटर. आमच्याकडे डिशला सगळे छत्री म्हणत आणि छत्रीबरोबर येणाऱ्या रिसीव्हरला डबा. वेल्ह्याकडच्या गावांत चारी बाजूंनी डोंगर, त्यामुळे साध्या अँटेनावर टीव्हीत नुसत्या मुंग्या दिसायच्या. केबलवाला तिकडे फिरकत नव्हता. मग छत्री विकली जाणार नाही तर काय!

डब्याच्या मागे फोनची वायर लावायला एक भोक होतं. सगळं रामायण त्या भोकातून सुरू झालं.

०००

कंपनीचा टाय लावलेला माणूस पुण्याहून आम्हाला नियम समजावायला आला. म्हणाला, "प्रत्येक डबा घरातल्या लँडलाइनला जोडायचा. महिन्यातून एकदा डबा आपला आपण कंपनीला फोन करतो आणि मी याच घरात आहे असं कळवतो. म्हणजे एका घराचा डबा कोणी दुसरीकडे नेऊन लावू शकत नाही."

भाईंनी विचारलं, "आणि ज्याच्याकडं फोनच नाही?"

"त्याला दर महिन्याला जादा आकार. फोन नसल्याचा."

 भाई म्हणाले, "म्हणजे माझ्याकडं एखादी वस्तू नाही, तर ती नसल्याचे पैसे मी भरायचे?"

"अगदी बरोबर!"

"साहेब, माझ्याकडं मोटारपण नाही. त्याचे कुठं भरू?"

त्याने चहासुद्धा अर्धा टाकला आणि पुण्याची एसटी पकडली.

०००

पहिल्याच महिन्यात गिऱ्हाइकं दुकानात येऊन भांडायला लागली. त्यांचंही बरोबरच होतं! टेलिफोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं वाट बघणारी माणसं ती. गावापर्यंत खांबच आले नाहीत, यात त्यांचा काय गुन्हा?

मी तणतणत स्टँडवरच्या नाणं टाकायच्या पब्लिक फोनवरून कंपनीला फोन लावला. हिंदीसाठी हे दाबा, इंग्रजीसाठी ते दाबा, करता करता खिशातली नाणी संपत आली. शेवटी एक मुलगी बोलली. फार गोड आवाज.

मी म्हटलं, "मॅडम, आमच्या गिऱ्हाइकाकडं लँडलाइन नाही. त्याला उगाच आकार लागलाय. तक्रार लिहून घ्या."

"जरूर सर. फक्त ही तक्रार ग्राहकाने स्वतःच्या लँडलाइनवरूनच करायची असते."

मी पुढे काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. नशीब, तेवढ्यात नाणी संपली.

०००

मार्गासनीला एक रिटायर तलाठी होते, भाऊसाहेब. त्यांच्याकडे मात्र फोन होता. हिरवा, भरतकामाच्या रुमालाखाली झाकलेला. मी वायर जोडली, फोन उचलून कानाला लावला, तर आत काहीच नाही.

"भाऊसाहेब, हा तर बंद आहे."

"गेल्या पावसाळ्यात तार पडली. पण मी भाडं भरतो वेळेवर. काढून टाकला तर पुन्हा मिळायचा नाही."

म्हणजे फोन असल्याचं भाडं तिकडे भरायचं आणि फोन लागत नाही म्हणून आकार इकडे भरायचा! एकाच यंत्रासाठी, एकाच महिन्यात! माझं डोकंच फिरलं. भाऊसाहेब मात्र शांतपणे रुमालाची घडी नीट करत होते.

म्हणाले, "माणूस गेला की मी सातबाऱ्यावरचं नाव लगेच कमी करायचो रे. फोन मेल्याचा दाखला कुणाला द्यायचा, तेवढं सांग."

०००

तुम्हाला वाटेल, ज्यांचा फोन चालू होता ते सुखी असतील. छे!

भोरमध्येच जाधववहिनींच्या घरी आम्ही डबा बसवला. त्यांच्या लाइनीत खरखर होती. डबा कंपनीला फोन लावायचा, मध्येच तुटायचा, पुन्हा लावायचा. दिवसभर हाच उद्योग. त्याच आठवड्यात वहिनींच्या मुलीला सासवडचं स्थळ आलेलं. सासवडहून फोन करावा तर कायम एंगेज! मुलाच्या आईने मध्यस्थाजवळ बोलून दाखवलं, "मुलगी फारच फोनवर असते वाटतं."

वहिनी पदर खोचून दुकानात आल्या. "भाई, तुमच्या डब्यापायी माझ्या पोरीचं लग्न मोडायची वेळ आली!"

भाई बिचारे घाबरले. त्यांनी स्वतः सासवडला फोन लावला. "ताई, मुलगी अगदी गुणाची आहे. फोनवर ती नसते, टीव्हीचा डबा असतो. तोच बोलत बसतो."

 पलीकडून मुलाची आई म्हणाली, "डबा कुणाशी बोलतो ते आधी कळू द्या. मग बैठकीचं बघू!"

वहिनींनी घरी जाऊन वायर उपटून फेकली. लग्न ठरलं, झालंही थाटात. आणि पुढच्याच महिन्यात त्यांना आकार लागला.

०००

आता विंझरची गोष्ट.

विंझरजवळच्या एका वस्तीत आम्ही अकरा छत्र्या बसवल्या. वस्तीत फोन एकच, नानांच्या किराणा दुकानात. त्या काळात एक रीत होती, आठवत असेल. ज्याच्याकडे फोन नाही तो शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढे पी.पी. लिहायचा. म्हणजे फोन दुसऱ्याचा, आम्हाला हाक मारून बोलवा. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, सगळीकडे. तसंच वस्तीतल्या अकराही जणांनी डब्याच्या अर्जावर नानांचा नंबर लिहिला. पुढे पी.पी. कंपनीच्या कॉम्प्युटरने नंबर घेतला आणि पी.पी. गाळलं.

नंबर आहे म्हटल्यावर आकार लागला नाही. पण डब्याने फोन तर करायला हवा! तो तोडगा नानांच्या बायकोने, काकूंनी काढला. ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी आपापला डबा दुकानात आणायचा आणि एकेक करून नानांच्या फोनला लावायचा. बाया टॉवेलात गुंडाळून, काखोटीला मारून डबे घेऊन यायच्या, पोरांना डोस पाजायला आणतात तशा. डब्यांची रांग लागायची. एकाचा फोन झाला की काकू ओरडायच्या, "झालं ह्याचं! फुडला आना!"

महिनोन् महिने सुरळीत चाललं. मग कंपनीच्या कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. एका नंबरावर, एका घरात, अकरा डबे! म्हणजे हा नाना एका घराचे डबे घरोघर वाटून चोरून केबल चालवतो आणि एजंट त्याला सामील! भाईंना निरोप आला की तपासणीला साहेब येतोय. घर एकच निघालं नाही तर एजन्सी त्याच दिवशी बंद.

साहेब यायचा त्या सकाळी भाईंनी शटर अर्धंच उघडलं. मला म्हणाले, "एजन्सी गेली तर मी काय करू रे? परत रेडिओ उघडून बसू? आणि रेडिओ आणणार कोण?"

 वीस वर्षं या माणसाने कुणाला खोटा स्पेअर पार्ट घातला नव्हता. आणि आता त्यालाच चोर ठरवायला कोण येणार, तर फोन नसल्याचे पैसे घेणारी कंपनी! 

साहेबाला जीपमध्ये घेऊन आम्ही विंझरला पोचलो, तर नेमका डब्यांचाच दिवस! दुकानासमोर रांग. टॉवेल, गोधड्या, एक डबा तर चक्क दळणाच्या पिशवीत. भाईंनी डोळे मिटून घेतले.

साहेबाने फाइल उघडली. "हे सगळे डबे कुणाचे?"

"आमचे," रांगेतून आवाज आला.

"कंपनीत एकच घर लिहिलंय. इथे तर अकरा घरं दिसतात!"

 नाना वजनाच्या काट्याकडे बघत राहिले. तेव्हा रांगेत सगळ्यात पुढे बसलेल्या हौसाआत्या मांडीवरचा डबा सावरत म्हणाल्या, "घर येकच हाय सायेब. चुली अकरा हायत."

"म्हणजे?"

"म्हंजी काय? कुनाचा बी फोन आला तर नाना हाळी देतो. कुनाचं मयत, कुनाचं बाळंतपन, समदं हितंच कळतं. आन ह्यो डबा कुनाच्या बी घरात वाजला तरी बघाया समदी जात्यात. आता ह्याला घर न्हाई म्हनायचं, तर तुमच्या पुन्यात कशाला म्हनत्यात?"

साहेबाने फाइल मिटली. मग म्हणाला, "मला ऑफिसला विचारावं लागेल." खिशातून मोबाईल काढला. वर धरला, खाली धरला, दुकानाच्या मागे जाऊन आला. रेंज नाही. विंझरच्या त्या खोबणीत तेव्हा कुठली रेंज!

"नाना, जरा फोन देता?"

काकूंनी आतूनच सांगितलं, "लायनीत या सायेब. हौसाआत्याच्या डब्याचं चाललंय. मदी काडला तर पुन्ना पयल्यापासनं करावं लागतं."

साहेब गुळाच्या ढेपेशेजारी पोत्यावर बसला. पुढे आत्या, मागे दळणाची पिशवी. काकूंनी त्याला चहा दिला. तो त्याने पूर्ण प्यायला.

त्याचा नंबर आला. त्याने फोन उचलला. सगळी वस्ती ऐकत होती. भाई दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

"हॅलो सर, विंझरहून बोलतोय... हो, स्वतः पाहिलं... नाही सर, घर एकच आहे... हो, मोठं आहे बरंच... नाही नाही, एजन्सीला हात लावू नका, माणूस सरळ आहे... तुम्ही परत फोन करताय? मोबाईल लागणार नाही सर. हा नंबर लिहून घ्या."

त्याने नानांना विचारून नंबर सांगितला. पलीकडून कोणीतरी जोरात काहीतरी म्हणालं.

"हो सर, तोच नंबर," साहेब म्हणाला. "पुढे पी.पी. लिहा."